राखीव वैमानिकावरचा राग

अमेरिकेत विमान कंपनीत सहवैमानिक व्हायचे तर नागरी उमेदवाराला सहसा १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. लष्करी वैमानिकाला ७५० तास पुरतात. २००९ साली बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर २०१३मध्ये हा नियम आला. (त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५००हून जास्तच होते, ही गोष्ट वेगळी.)

या सवलतीबद्दल माझी तक्रार नाही. हवाई दलातला वैमानिक प्रशिक्षणाच्या बदल्यात दहा वर्षे देतो. नागरी मुलगा कर्ज काढून शिकतो आणि मग नवशिक्यांना शिकवत एकेक तास जमवतो. किंमत दोघेही मोजतात.

खरी कुरकुर आहे ती राखीव दलातल्या वैमानिकांबद्दल. फौजेचे बोलावणे आले की कंपनीला त्यांना सोडावेच लागते, आणि परतल्यावर ज्येष्ठताही शाबूत. १९९४चा कायदाच तसा आहे. लष्करी सेवेचे कारण देऊन नोकरी नाकारणेही बेकायदा. मागे त्यांची उड्डाणे सहकाऱ्यांच्या वाट्याला येतात.

पण राग त्या वैमानिकावर का? अर्धवेळ फौज हवी आहे सरकारला. मग बदली माणसे ठेवण्याचा खर्चही सरकारनेच उचलावा. आणि तिजोरी उघडलीच, तर त्या कर्जबाजारी नागरी मुलाकडेही बघावे.