तडा गेलेला बैल

पोळ्याच्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका शाळेत मातीच्या बैलांची स्पर्धा झाली. पहिला नंबर आला तो बाजारातून आणलेल्या प्लास्टरच्या बैलजोडीचा. रंग चकचकीत, शिंगं सोनेरी. आमच्या शेजारची चौथीतली पोरगी स्वतः केलेला बैल घेऊन गेली होती. वाळताना त्याच्या पाठीला तडा गेला, म्हणून तो टेबलाच्या कडेलाच राहिला. मला याचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

तो बैल कसा झाला हे मी पाहिलं आहे. आज्ज्याने शेतातली काळी माती आणली, खडे वेचून रात्रभर भिजत घातली. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसून फुटते, म्हणून आजीने तीत बारीक भुसा आणि चुलीतली राख मळली. पायांत तुराटीचे तुकडे घातले. मातीची शिंगं टिकेनात, तेव्हा पोरीने बाभळीचे काटे खोचले. बाप रानातून आला, बैलाकडे बघून म्हणाला, “वशिंड पाठीच्या मधी नसतं बाई, मानंच्या मागं असतं. चल गोठ्यात, हात लावून बघ.” खांदेमळणीची संध्याकाळ होती. पोरीने हळद-लोणी लावता लावता वशिंड दोन्ही हातांनी चाचपलं, घरात येऊन मातीचं वशिंड उपटलं आणि जागच्या जागी बसवलं. चित्रकलेचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

परीक्षकांनी तिला एकच प्रश्न विचारायला हवा होता: बाळ, हे कसं केलंस? विकतच्या बैलाला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. आईबापांचंही मला नवल वाटतं. शाळेने प्रकल्प दिला की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. तयार ज्वालामुखी, तयार किल्ला, तयार सूर्यमाला. पोराने फक्त नाव टाकायचं. वेळ नसतो, हे मला कळतं. पण पोराच्या हातचं वाकडं काम चार लोकांत दाखवायची लाज वाटते, हे खरं कारण आहे आणि ते मला मान्य नाही.

शाळेवर तरी किती भार टाकायचा? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला आणि पट शंभराच्या वर असेल तरच. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडी-वस्तीवरच्या शाळेचा पट तिथवर पोचत नाही. शिवाय दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि पोरांची शाळाच मध्ये तुटते. म्हणून मी घराबद्दल बोलतो आहे.

घराने काय होतं, ते दादासाहेब फाळक्यांच्या संसारात बघावं. 1912 साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. भांडवल द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि ते रुजून वर येईपर्यंत थोडं थोडं चित्रित करत राहिले. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं, आणि ते पाहूनच पैसे मिळाले. पण मला दादासाहेबांपेक्षा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं मोठं कौतुक आहे. त्यांनी दागिने दिले. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायला त्या शिकल्या. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला बसल्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात रोहिदास झाला होता त्यांचा मुलगा भालचंद्र. पुढे 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ही लहानशी पोर आपल्या साध्या रूपात नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. बापाने आधी आपल्या लेकीचा चेहरा दाखवला, मग देवाचा. मला तो भाग फार आवडतो.

भारतीय चित्रपट असा एका घरात उभा राहिला. परेश मोकाशींनी 2009 मध्ये फाळक्यांवर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट केला, त्यातही हे घरच लक्षात राहतं. मुलांना त्या घरात लुटुपुटीचं काम नव्हतं. मुलगा उभा राहिला नसता तर रोहिदास कुठून आणायचा? पोरांना असं खरं काम द्यावं, ज्याच्यावाचून घरच्यांचं अडेल. मग ती आपोआप डोकं चालवतात.

फाळक्यांना जे लंडनहून आणावं लागलं, ते आज प्रत्येक घरात आहे. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा बघून मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबलेल्या कुटुंबांकडे बघा, माणसागणिक फोन आहे. तेव्हा या रविवारी एवढं करा. कुंडीत हरभऱ्याचे चार दाणे पेरा. समोर एक वीट मांडून तिच्यावर फोन ठेवायची जागा खडूने आखा, म्हणजे चौकट हलणार नाही. दिवसाला दहा फोटो, महिनाभर. पाणी कोण घालणार, सकाळचे फोटो कोणाचे, संध्याकाळचे कोणाचे, हे पोरांनाच ठरवू द्या. तीनशे फोटो एकामागून एक, सेकंदाला दहा या वेगाने लावले की अर्ध्या मिनिटाचा चित्रपट होतो. शेवटी नावं येतील तेव्हा आजीचंही घाला. आणि मुख्याध्यापकांनो, पुढच्या पोळ्याला विकतचे बैल स्पर्धेत घेऊ नका.