रक्तातील शिल्लक



गेल्या पर्युषणात बीडच्या आमच्या पेठेतील एका परिचित घरच्या सुनेने अठाई केली. वय सत्तावीस. सांध्यांची सूज आणि गालांवरचे चट्टे घरच्यांनी दोन वर्षे 'उष्णता' म्हणून काढ्यावर निभावले होते. आमच्याकडचा उन्हाळा पाहता ते कोणासही पटावे. पुढे निदान झाले ते ल्यूपसचे. गोळ्या सुरू झाल्या, त्या अठाईत कोणालाही न विचारता बंद केल्या. पारण्यानंतर थोड्याच दिवसांत पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला.

सासरे अहवालांची फाईल घेऊन माझ्याकडे आले. बँकेत होतो, तेव्हा आकडे वाचता येत असतील, असा लोकांचा समज आहे. सी-३ आणि सी-४ हे दोन आकडे फार खाली होते. "कमी आहे, तर काय खाऊ घालू?" हा त्यांचा प्रश्न. अस्सल व्यापाऱ्याचा प्रश्न! परंतु येथे जमा कमी नव्हती, खर्च अफाट होता.

रक्तात तीसहून अधिक पूरक प्रथिने असतात. त्यांनाच कॉम्प्लिमेंट म्हणतात. जंतूंवर बसलेल्या प्रतिपिंडांना ती साहाय्य करतात. याच शोधकार्यासाठी बेल्जियमचे झ्यूल बोर्दे यांना १९१९ चे नोबेल मिळाले. ल्यूपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्या गृहकलहात ही प्रथिने खर्ची पडतात.

याहून विचित्र प्रकार सी-१ क्यू या प्रथिनाचा. पूरक साखळीची ही पहिली कडी. मृत पेशींचा केरकचरा उचलणे हेही तिचे काम. काही रुग्णांत प्रतिपिंडे तिच्यावरच उलटतात. म्हणजे वखार झाडणाऱ्या गड्यालाच चोर ठरवून बडवावे, तसे! मग कचरा साचतो आणि मूत्रपिंडाच्या बारीक चाळणीत दाह पेटतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेतील संशोधकांनी भारतीय रुग्णांतील या प्रतिपिंडांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

ही चाचणी म्हणजे अंतिम निवाडा मात्र नव्हे. काही निरोगी माणसांतही ही प्रतिपिंडे आढळतात. ती नसतील, तर मूत्रपिंडाचा तीव्र दाह असण्याची शक्यता कमी, एवढे म्हणता येते. लघवीतील प्रथिनांची तपासणी स्वस्त आहे आणि आपल्या गावात होते. ती चुकवू नये. मूत्रपिंडाचा हा दाह बहुधा दुखत नाही, हीच त्याची लबाडी.

माहेरच्यांनी लग्नाच्या वेळी सांधेदुखी लपविली, यावरून त्या घरात कटुता आली. ल्यूपस संसर्गाने पसरत नाही. रोग किमान सहा महिने शांत असेल आणि औषधे आधीच योग्य ती बदलली असतील, तर मातृत्वही बहुतेकींना शक्य असते. मग लपवाछपवी कशासाठी? बॅलन्सशीटमध्ये दडवलेले कर्ज कधी ना कधी उघडे पडतेच, हे आपल्याला मी काय सांगावे!

स्टेरॉईड एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी सासऱ्यांना निक्षून सांगितले. सासरे स्थानकात महाराजसाहेबांना भेटले. स्वाध्याय हेही तपच आहे, असे उत्तर मिळाले. आता ती सकाळी न्याहारीनंतर गोळी घेते, उन्हात डोके-चेहरा झाकून निघते, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते. चौविहारास औषधाची आडकाठी आलेली नाही. पुढची लघवीची तपासणी अष्टमीनंतर आहे.