कारण न देता दिलेले गुण ही मनमानीच!

विधी महाविद्यालयात प्रशासकीय कायद्याच्या तासाला आपल्याला काय शिकवतात? अधिकार वापरणाऱ्याने कारणे दिली पाहिजेत. एस. एन. मुखर्जी खटल्यात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अर्धन्यायिक निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने सर्वसाधारणपणे कारणे नोंदवलीच पाहिजेत. हे तोंडपाठ असलेले प्राध्यापक सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याच्या नावापुढे अंतर्गत गुणांचा एक आकडा टाकतात आणि मोकळे होतात. इतकेच का, याचे उत्तर नाही. विचारायला गेलात तर तुम्हीच 'उद्धट' ठरता.

या मौनाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. वकिलाच्या घरातल्या मुलाला उत्तर कसे बांधायचे ते घरातच कळते: आधी वादाचा मुद्दा, मग कलम, मग निवाडा, मग हे सगळे समोरच्या प्रकरणाला कसे लागू होते ते. ज्याच्या घराण्यात कोर्टाची पायरी फक्त आरोपी किंवा फिर्यादी म्हणून चढली गेली, त्याला हे कोण सांगणार? वहीवर शिक्षकाने लिहिलेला शेरा, एवढाच त्याचा वारसा. तोही नाकारायचा आणि वर्षअखेरीला 'मेरिट नाही' म्हणायचे, हा कुठला न्याय?

तोंडी परीक्षा आणि मूट कोर्ट यांत तर आडनाव, उच्चार आणि कोट आधी दिसतो, युक्तिवाद नंतर ऐकू येतो. अजय हासिया खटला (१९८१) प्रवेशाच्या मुलाखतींचा होता. तिथे एक तृतीयांश गुण दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीवर होते. तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने बजावले. प्रवेशाला लागू होणारे हे शहाणपण वर्गात शिरल्यावर कुठे जाते?

मात्र मित्रांनो, आपल्याला दयेचे गुणही नकोत. 'तुमच्यातून आलास, त्या मानाने छान' हा शेरा सहानुभूतीचा आव आणतो, पण तोही जातीचाच आहे. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी पहिल्यांदा स्वीकारला नाही, फेरमांडणी करायला लावली. बाबासाहेबांनी निष्कर्ष सोडले नाहीत, प्रबंध पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत आपले मतभेद उघड मांडले आणि कामाचे मोलही मान्य केले. असा मूल्यमापक आपल्याला हवा. कठोर असला तरी चालेल, पण कारणासह बोलणारा आणि समोरच्याला बरोबरीचा मानणारा.

'वर्गात ऐंशी मुले, वेळ कुठून आणू?' हे उत्तर ठरलेले आहे. प्राध्यापकांची पदे रिकामी असतील तर ती भरण्याची लढाई आपण त्यांच्यासोबत लढू. पण तीन ओळी लिहायला भरतीची वाट पाहावी लागत नाही. काय जमले, काय चुकले, पुढच्या वेळी काय करायचे, एवढेच तर लिहायचे आहे.

म्हणून प्रत्येक विधी महाविद्यालयात या मागण्या घेऊन जा. गुण कशाकशावर मिळणार ते सत्राच्या सुरुवातीला जाहीर करा. लेखी काम नावाऐवजी क्रमांकाने तपासा. अंतर्गत गुणांसोबत लेखी कारण द्या. तोंडी परीक्षेला एकाहून अधिक परीक्षक बसवा आणि तिचे ध्वनिमुद्रण ठेवा.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत हातात असलेले हत्यार वापरा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहिती अधिकार कायद्याखालचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय खटल्यात २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. सरकारी विद्यापीठाकडे दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. एकट्याने अर्ज केला तर त्याला त्रास देतील, म्हणून अख्ख्या वर्गाने मिळून करा.

उद्या आपण न्यायाधीशाला 'कारणे द्या' म्हणणार आहोत. त्याची सुरुवात आज आपल्या उत्तरपत्रिकेपासून करू.

जय भीम!