स्पर्शाला सूट कसली?

अंबरनाथच्या आमच्या खोलीत रविवारी रात्री पाच पोरं फासे घेऊन बसतात. जुगार नव्हे. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड यांवर चालणारा सुपरहिरोंचा खेळ. एक जण जीएम, म्हणजे गोष्ट हाकणारा. बाकीच्यांनी आपापला हिरो घडवायचा. प्रत्येकाला ठरलेले गुण, त्यातून शक्ती विकत घ्यायच्या. मी गोदीत बोजे उचलतो, मॅट्रिक झालोय, कविता करतो. त्यांचं इंग्रजी पुस्तक मला सगळं कळत नाही. पण हिशोब कळतो, आणि हिशोबात कुणाचं माप धरलंय तेही कळतं.

माझा हिरो गोदीतला हमाल. हात लावला की समोरच्याचं मन वाचतो. शक्तीचं नाव 'हातगुण'. जीएम म्हणाला, स्वस्तात पडेल तुला. 'चॅम्पियन्स' हा अमेरिकन खेळ 1981 साली आला. त्याच्या पद्धतीत मन वाचायची शक्ती नजरेच्या टप्प्यात कुठवरही चालते. सहा फाशांची घेतली तर 30 गुण. फासे चांगले पडले की वरवरचे विचार कळतात, आणखी पडले तर दडवलेले, मग आठवणी, अगदी तळापर्यंत. पण 'हात लावल्याशिवाय चालणार नाही' अशी अट घातली की तीच शक्ती 20 गुणांत. अट म्हणजे दुबळेपणा, दुबळेपणाला सूट. जवळ जायचं तर मार खावा लागतो, हे त्यांचं कारण. ठीक आहे. त्यांच्या मुलखात ठीक आहे.

आमच्या मुलखात लांबून मन वाचायला गुण लागतात कुठे? "आडनाव काय?" "मूळ गाव कुठलं?" झालं. दोन प्रश्नांत माणूस तळापर्यंत वाचला. फासासुद्धा टाकावा लागत नाही. बदलापूरला भाड्याची खोली बघायला गेलो होतो. मालकानं उंबऱ्यातूनच आडनाव विचारलं आणि म्हणाला, कालच दिली. एजंट खाली उभा राहून आणखी गिऱ्हाईकांना तीच खोली सांगत होता. मालकानं मला हात लावला नव्हता. मीही त्याला नाही. च्यायला, हा खरा टेलिपाथ!

आणि स्पर्श? 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तर शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर सनातन्यांना ते तळं शुद्ध करायला दही, दूध, शेण आणि गोमूत्राचे 108 घडे ओतावे लागले. तळ्यात ढोरं उतरत होती तेव्हा एक घडाही लागला नव्हता. ज्या हाताची एवढी धास्ती, तो हात सवलतीच्या दरात? मी जीएमला सांगितलं, ज्या मुलखात गोष्ट घडते तिथल्या भावानं स्पर्शाची किंमत लाव.

तो म्हणाला, लोकलमध्ये काय? सकाळी बदलापूरहून येणाऱ्या गाडीत सगळे एकमेकांच्या अंगावर. बोलला ते खरं. पण त्या चेंगराचेंगरीत कातडीला कातडी लागते, माणसाला माणूस नाही. म्हणून आमचा पहिला नियम ठरला: दोघांनाही ठाऊक असलेला स्पर्श तेवढाच धरायचा. धक्का बाद. मार्व्हलच्या कॉमिकात रोग नावाची पोरगी आहे, तीही 1981 चीच. तिची त्वचा कुणाला लागली की त्याच्या आठवणी आणि ताकद तिच्यात उतरते, तो बेशुद्ध पडतो. म्हणून बिचारी हातमोजे घालून हिंडते. आपल्या भाषेत तर तिचं नावच आजार होऊन बसतं. पण तिच्या हाताने खरंच इजा होते. आमच्या हातानं कुणाला काय झालं होतं?

दुसरा नियम मी गोदीतून आणला. लोखंडाचं जड धूड दोघांनी धरलं की समोरच्याचा दम, भीती, कालची दारू, सगळं बोज्यातून तुमच्या हातात येतं. तुमचंही त्याच्याकडे जातं. एकतर्फी काही नाही. तेव्हा हातगुण वापरणाऱ्याचं मनही उघडं पडेल. पुस्तकात असलं काही दिलेलं नव्हतं. नसू दे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद शेजारी राहून आम्ही लहानपणापासून ऐकतोय. खेळाची नक्कल आपल्या मापाने बेतायला कुणाची परवानगी लागते?

खरं भांडण पुढे झालं. एक पोरगा म्हणाला, माझा हिरो त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवतो, तिचं मन वाचतो. विचारलं का तिला? नाही. हिरो आहे ना! मी फासे उचलून घेतले. ऑगस्ट 2024 मध्ये याच बदलापुरात बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाले, तेव्हा 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, तासन्‌तास गाड्या अडवल्या. विटाळ मोडायला निघालो म्हणून कुणाच्याही अंगाला हात लावायचा परवाना मिळत नाही रे. तो चिडला. म्हणाला, मग नकार तो नकारच, खोलीवाल्याचाही मान.

यावर दोन रविवार गेले. शेवटी ठरलं ते असं. आपलं अंग आपलं आहे म्हणून कुणी नाही म्हटलं, तर त्याची ढाल फुकट. नकारावर हात घातला तर तो हल्ला, हिरोने केला तरी हल्लाच. पण समोरच्याच्या जन्मावरून कुणी नाही म्हटलं, तर त्या ढालीचे गुण त्यानं मोजायचे. आणि तो जखमी पडला, तर ती ढाल खाली ठेवल्याशिवाय त्याला कुणी उचलू शकणार नाही. स्पर्श झालाच तर पुढची एक खेळी शुद्धीकरणात घालवायची. पोरं हसली. मी हसलो नाही. 108 घडे ओतायला वेळ लागतोच की.

आता अडलंय ते एवढ्यावर: नकार कुठल्या जातीचा, हे जीएमनं ओळखायचं कसं? तो म्हणतो, त्यासाठी मन वाचावं लागेल. मी हातगुणाचे 45 गुण लिहून ठेवलेत, त्यानं ते खोडून 20 केलेत. या रविवारी माझी रात्रपाळी आहे. पुढच्या रविवारी बघू.