भुयार एकच, वाटा तेरा
१९८७ साली आलेल्या ‘नेटहॅक’ या संगणकावरच्या खेळात भुयारात उतरण्याआधी तेरा भूमिकांपैकी एक निवडावी लागते. धोके सगळ्यांना सारखेच. बदलतो तो उतरणारा. वाल्किरी या लढवय्या स्त्रीला थंडी बाधत नाही, तिची पावलं वाजत नाहीत, म्हणून नवखे तिच्यापासून सुरुवात करतात. शिलेदाराला सोबत तट्टू मिळतं, पण पळत्या शत्रूवर वार केला की त्याच्या पुण्याईला धक्का लागतो. पुरातत्त्वज्ञाकडे कुदळ असते; मात्र ऐतिहासिक पुतळा फोडला तर तो दोषी ठरतो. मला सर्वांत जवळचा वाटतो तो पर्यटक. अंगात हवाई शर्ट, हाती महागडा कॅमेरा, गाठीला भरपूर सोनं आणि लढण्याची ताकद अगदी तुटपुंजी. नवखा पर्यटक दिसला की दुकानदार भाव एक तृतीयांशाने चढवतात. पण त्याच कॅमेऱ्याच्या झगझगाटाने तो राक्षसाचे डोळे दिपवून निसटू शकतो. चांगली भूमिका म्हणजे नुसते ताकदीचे आकडे नव्हेत. ती त्या जगात वावरण्याची रीत असते. इथे मेलात की डाव पुन्हा पहिल्यापासून. तरीही पुढच्या खेपेला वाल्किरीला बाजूला ठेवा आणि एकदा पर्यटक होऊन उतरा.