शिवारफेरी : ताटातली भाकरी कुठल्या रानातली?



मुलुख पाहावा तो मोटारसायकलवरून. एस.टी.च्या खिडकीतून रान नुसते मागे पळते. मोटारसायकल मात्र बांधाला लावता येते, मातीचे ढेकूळ फोडून ओल पाहता येते, मालकाशी रामराम होतो. मग दुपारी त्याच शिवारातली भाकरी खाल्ली, की त्या गावची शेती कशी चालली आहे ते निम्मे कळते. विस्ताराच्या कामात माझी उमर अशाच फिरतीत गेली. सोलापूरकडे कधी यावे आणि काय खावे, असे परगावचे पाहुणे विचारतात, तेव्हा मी मार्गशीर्ष-पौषातली एकच वाट सांगतो : सोलापूर, मंगळवेढा, सांगोला.

सोलापूर सोडले की तिऱ्ह्याजवळ सीना लागते. कामतीवरून पुढे जाऊन बेगमपूरला भीमा ओलांडावी. नदीकाठी ऊस उभा दिसतो. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागाचे पीक बदलले. उसाने घरे उभी केली, मुले शिकली. ते नाकारण्याचे कारण नाही. पण जिथे पाणी पोचले तिथून ज्वारी मागे सरली, हेही डोळ्यांनी दिसते.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आलो की चित्र पालटते. ही ज्वारीचे कोठार म्हणून नावाजलेली भूमी. दुष्काळात बादशाही कोठार रयतेला खुले करणारे दामाजीपंत इथलेच. इथली जमीन खोल, परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणारी. त्या ओलीवर, वरून पाणी न देता, मालदांडी उभी राहते. या मालदांडीतूनच १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर ‘एम ३५-१’ हे वाण निवडले गेले. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या दिवसांत इथे हुरडा खावा. गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसे भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, आणि शेंगाचटणी, गूळ, दही यांच्याबरोबर खायची. शेंगाचटणी उखळात कुटलेलीच घ्यावी. तेल सुटले की ओळखावे, जमली. परतीच्या पिशवीत कडक भाकरी बांधून घ्यावी. पापडासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली, त्यामुळे ती पुष्कळ दिवस टिकते. कितीतरी बायाबापड्यांचे घर आज या भाकरीवर चालते.

पुढे सांगोल्याकडे रान हलके होते, मुरूम वर येतो आणि डाळिंबाच्या बागा लागतात. इथे दाणे खावेत, रस प्यावा. पण बागेत शिरताना मालकाला विचारावे. तेल्याने आणि खोडाला छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने इथल्या पुष्कळ बागा काढायला लावल्या. एका बागेतली कात्री किंवा तोडलेली फांदी दुसऱ्या बागेत नेऊ नये.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. वाटेवरच्या ढाब्यात चपाती सहज मिळते, भाकरीला थांबावे लागते. त्याहून वाईट म्हणजे, ज्याच्या वडिलांच्या घरी ज्वारीची पेवे भरत होती, तो आज बाजारातून ज्वारी आणि शेजाऱ्याकडून कडबा विकत घेतो. कारणे खरी आहेत. काढणीला माणूस मिळत नाही, मालदांडी उंच वाढून लोळते म्हणून यंत्राला दाद देत नाही, पाखरे राखावी लागतात. पण ज्या घरी दोन जनावरे आहेत, त्या घराने कडब्याचा हिशेब धरल्याशिवाय ज्वारी तोट्याची म्हणू नये.

म्हणून माझे सांगणे एवढेच. सगळे रान बदलू नका, पण खाण्यापुरते आणि कडब्यापुरते रान ज्वारीला ठेवा. खोल जमिनीत फुले वसुधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, हलक्या जमिनीत फुले अनुराधा घ्यावे. वाट रस्त्यालगत असेल तर दोन-चार गुंठे फुले मधुर हे हुरड्याचे वाण पेरावे. हुरड्याचे पैसे दाणा वाळण्याआधीच हाती येतात, आणि कणसे काढल्यावर हिरवा चारा जनावरांना उरतो. पाहुण्याकडून दर मागायला घरच्या बाईने संकोचू नये. रांधणे ही मेहनतच आहे.

फिरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. हाच गाळपाचा हंगाम असतो. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा, हेल्मेट काढू नये. आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी उसाच्या ट्रॉलीमागे चमकणारी लाल पट्टी आजच लावावी. रात्री उभी राहिलेली बिनदिव्याची ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, आणि तो मोटारसायकलवाला बहुधा आपल्याच गावचा असतो.