आई-बाबांबरोबर समुद्रातली कयाक शर्यत : आधी दोघांची तपासणी, मग वल्हं

ऑस्ट्रेलियात पर्थ शहराजवळच्या समुद्रात 'द डॉक्टर' नावाची एक शर्यत होते. रॉटनेस्ट बेटावरून निघायचं आणि साधारण २७ किलोमीटर वल्हवत सोरेंटोच्या किनाऱ्याला लागायचं. नाव वाचून आम्हा डॉक्टरांना बरं वाटेल, पण त्यात आमचं काही कौतुक नाही. पर्थमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो आणि उकाड्याने हैराण झालेल्यांना आराम मिळतो, म्हणून तिथले लोक त्या वाऱ्यालाच 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. शर्यतीला नाव मिळालं ते त्या वाऱ्यावरून.

अशा शर्यतींत एकट्याने चालवायच्या होड्या असतात, तशाच दोघांच्याही असतात. दोघांच्या होडीत पंचावन्न-साठीचे वडील किंवा आई आणि पंचवीस-तिशीचं मूल अशी जोडी बसते, तेव्हा आजूबाजूला दोनच प्रकारची मतं ऐकू येतात. एक म्हणजे "या वयात कशाला ही दगदग?" आणि दुसरं, "वय हा फक्त आकडा आहे!" वैद्यकीय दृष्टीने मला दोन्ही पटत नाहीत. वय हा नुसता आकडा नाही; हृदय, स्नायू आणि मूत्रपिंडं यांचा हिशोब त्यात असतो. पण वय म्हणजे बंद झालेलं दारही नव्हे. माझं मत असं आहे की आई-वडिलांनी मुलांबरोबर जरूर उतरावं. फक्त दोघांनी एकमेकांच्या हृदयाची माहिती करून घेऊन उतरावं.

ही होडी असते तरी कशी?

या शर्यतींत बहुतेक जण जी कयाक वापरतात तिला सर्फस्की म्हणतात. लांबलचक, अगदी अरुंद आणि वरून उघडी. माणूस होडीच्या आत शिरत नाही, वरच्या खोलगट जागेत बसतो. मागे सुकाणू असतं आणि ते पायातल्या पेडलने फिरतं. पडलात तर होडी वाऱ्याबरोबर निघून जाऊ नये म्हणून पाय आणि होडी यांना जोडणारा एक पट्टा असतो.

वारा मागून असेल तर सगळा खेळ लाटेवर स्वार होण्याचा असतो. लाट आली की दहा-पंधरा सेकंद जीव तोडून वल्हवायचं, होडी लाटेवर चढली की क्षणभर दम खायचा आणि पुढची लाट शोधायची. म्हणजे हा संथ, एकसारखा व्यायाम नाही. नाडीचे ठोके पुन्हा पुन्हा उसळी मारतात आणि खाली येतात. हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

पन्नाशीनंतर शरीर काय गमावतं?

शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते. स्नायूंमध्ये आधी झिजतात ते झटपट ताकद देणारे तंतू. दीर्घकाळ काम करणारे तंतू त्या मानाने टिकतात. त्यामुळे साठीच्या माणसाला शंभर मीटर पळण्यात तरुणांशी बरोबरी करता येत नाही, पण तासन्‌तास चालणाऱ्या खेळात तो फार मागे पडत नाही. लाटा वाचण्याचं कसब तर वयाबरोबर वाढतं.

याचं एक उत्तम उदाहरण हवाईतलं आहे. मोलोकाई ते ओआहू या बेटांमधला सुमारे ५२ किलोमीटरचा खवळलेला समुद्र ओलांडण्याची शर्यत या खेळात मानाची समजतात. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर चालुप्स्की यांनी ती १२ वेळा जिंकली. पहिल्यांदा १९८३ मध्ये आणि शेवटची २०१२ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी. मध्ये २९ वर्षांचं अंतर! तेवढ्या काळात एखादं मूल जन्माला येऊन, मोठं होऊन, बापाच्या मागे वल्हं घेऊन बसू शकतं.

अर्थात ते जन्मभर वल्हवत आलेले खेळाडू. चाळीस वर्षं खुर्चीत बसून काढलेल्या माणसाने हे उदाहरण स्वतःला लावू नये.

लय एक, हृदयं दोन

दोघांच्या होडीत दोघांची वल्ही एकाच वेळी पाण्यात पडावी लागतात. पण त्या एका लयीची किंमत दोघांची हृदयं सारखी मोजत नाहीत.

एक सोपा हिशोब करू. हृदयाचे कमाल ठोके काढण्याचं एक प्रचलित सूत्र आहे : २०८ वजा वयाच्या ०.७ पट. २८ वर्षांच्या मुलाचे कमाल ठोके येतात सुमारे १८८ आणि ५८ वर्षांच्या वडिलांचे सुमारे १६७. आता दोघांचेही ठोके १५० वर आहेत असं समजा. मुलगा त्याच्या मर्यादेच्या ८० टक्क्यांवर आहे, वडील मात्र ९० टक्क्यांवर. मुलाला "अजून जोर लावता येईल" असं वाटत असतं, तेव्हा वडिलांकडे शिल्लक फारशी नसते. हे सूत्र सरासरीचं आहे, प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही, पण मुद्दा कळायला पुरेसं आहे.

धोके वेगळे, वारसा एकच

खेळताना अचानक हृदय बंद पडण्याच्या घटना दुर्मीळ असतात. पण त्या घडतात तेव्हा कारणं वयानुसार बदलतात. साधारण पस्तिशीनंतर मुख्य कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे. त्यातही आपल्याकडच्या लोकांना हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा पाच ते दहा वर्षं आधी गाठतो. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंत मात्र बऱ्याचदा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष निघतो. उदाहरणार्थ, हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होणं. हा दोष साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि आई किंवा वडिलांकडून तो मुलात येण्याची शक्यता ५० टक्के असते.

कोलेस्टेरॉलचंही तसंच. जन्मापासूनच वाईट कोलेस्टेरॉल खूप जास्त असण्याचा एक आनुवंशिक प्रकार साधारण २५० माणसांत एकाला असतो. तोही आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी.

म्हणून मी म्हणतो की ही जोडी डॉक्टरकडे एकत्र यायला हवी. वडिलांना ५५ वर्षांच्या आत किंवा आईला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ती मुलासाठीही सूचना आहे. मुलाच्या ईसीजीत काही वेगळं दिसलं, तर आई-वडिलांचीही तपासणी व्हायला हवी. शर्यतीच्या निमित्ताने घराण्याचा हा इतिहास एकदा कागदावर येतो, आणि माझ्या मते पदकापेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

तरुण खेळाडूंचा सरसकट ईसीजी काढावा का, यावर जगभर मतभेद आहेत. इटलीत स्पर्धेआधी तो १९८२ पासून बंधनकारक आहे. अमेरिकेत नीट विचारपूस आणि शारीरिक तपासणी यांवर भर असतो. माझं मत असं की एवढ्या श्रमाच्या शर्यतीत उतरणाऱ्या मुलाचा ईसीजी एकदा तरी काढावाच. आई-वडिलांसाठी ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि डॉक्टरांना गरज वाटली तर ट्रेडमिल टेस्ट. मात्र रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली असं समजू नका. त्रास जाणवला तर रिपोर्टपेक्षा त्रासावर विश्वास ठेवा.

खांदा दुखतोय की छाती?

या खेळात एक फसगत हमखास होऊ शकते. वल्हवून खांदे आणि दंड दुखतातच. हृदयाचं दुखणंही खांद्यात, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत येऊ शकतं. मग "वल्हं जास्त झालं" म्हणून ते अंगावर काढलं जातं.

ढोबळ फरक असा. स्नायूचं दुखणं ठरावीक हालचालीने किंवा दाबल्यावर वाढतं. हृदयाचं दुखणं श्रमाबरोबर येतं, थांबल्यावर काही मिनिटांत ओसरतं आणि पुन्हा जोर लावला की परत येतं. त्याबरोबर घाम, मळमळ किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप असेल तर अजिबात वाट पाहू नका. आयांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण स्त्रियांमध्ये छातीत कळ येण्याऐवजी नुसती धाप किंवा कमालीचा थकवा एवढंच लक्षण असू शकतं. तरुण मुलाला जोर लावत असताना चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर "ऊन लागलं" म्हणून सोडून देऊ नका.

गोळ्यांबद्दलही दोन शब्द. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, त्यामुळे घड्याळावरचा आकडा त्यांना फसवतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, समुद्रावरचं ऊन आणि वयाबरोबर मंदावलेली तहान यांनी शरीर लवकर कोरडं पडतं. त्यात दुखू नये म्हणून शर्यतीआधीच आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. ही सवय सोडा. मात्र रोजची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पुढे कोण बसणार?

मला विचाराल तर आई किंवा वडील पुढे, मूल मागे. पुढचा माणूस लय ठरवतो आणि मागचा ती पाळतो. ज्याच्याकडे शिल्लक कमी आहे, त्याच्या हातात लय असावी. बहुतेक होड्यांत सुकाणूही पुढच्याच्या पायात असतं, तिथे अनुभव कामी येतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. वडिलांचा एक हात आखडायला लागला, लय चुकायला लागली, मान खाली गेली, तर मागे बसलेल्या मुलीला ते लगेच कळेल.

पण तिने ते बोलायलाही हवं, आणि खरी अडचण इथेच आहे. बाप आपल्या पोरापुढे "दमलो" म्हणत नाही. माझ्यामुळे हिची शर्यत जाऊ नये, असं त्याला वाटत असतं. मुलगी बोलत नाही, कारण बाबांचा हिरमोड होईल. दोघंही एकमेकांच्या मायेपोटी गप्प बसतात, आणि किनाऱ्यापासून लांब, मदत पोहोचायला वेळ लागेल अशा ठिकाणी ही माया महागात पडू शकते.

म्हणून निघण्यापूर्वी जमिनीवरच ठरवून टाका की दोघांपैकी कोणीही "बास" म्हटलं, की वल्हं थांबणार. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, घरी गेल्यावर चिडवायचंही नाही. सरावातच एक-दोनदा मुद्दाम "बास" म्हणून थांबून पाहा. तसंच दमलेल्या अवस्थेत खोल पाण्यात पडून पुन्हा होडीवर चढायचा सराव दोघांनी करा. चढता येत नसेल, तर शर्यतीत नाव घालायची वेळ अजून आलेली नाही. लाईफ जॅकेट आणि पायाचा पट्टा याबाबत वयाची सवलत कोणालाच नाही.

आपल्यापैकी फार थोडे वाचक सर्फस्कीवर बसतील, याची मला कल्पना आहे. पण लेकीबरोबर मुंबई मॅरेथॉन धावणारे बाबा, मुलासोबत सह्याद्रीतले गड चढणाऱ्या आई यांनाही हे सगळं लागू आहे. मुलांनो, या वाढदिवसाला आई-बाबांना भारीतले बूट किंवा घड्याळ देणार असाल तर द्या. पण त्याआधी त्यांच्याबरोबर तपासणीला जा आणि स्वतःचीही करून घ्या.